मोटारसायकलवरचा सीबी रेडिओ: अँटेनापासून बोलण्याच्या शिस्तीपर्यंत

लांब पल्ल्याच्या प्रवासाला आठ-दहा मोटारसायकली एकत्र निघाल्या की पहिल्या आणि शेवटच्या चालकामध्ये पाहता पाहता किलोमीटरभर अंतर पडते. पुढच्याने वळणावर पसरलेली खडी पाहिलेली असते, पण ती मागच्याला सांगायला त्याच्याकडे हाताची खूण आणि ब्रेकचा दिवा यांपलीकडे काही नसते, आणि वळणाआडून तर तेही दिसत नाही. ही उणीव भरून काढणारे जे साधन मला आजवर सर्वांत भरवशाचे वाटले ते म्हणजे सीबी रेडिओ. ब्लूटूथवर चालणाऱ्या इंटरकॉमचा आवाज अधिक स्वच्छ असतो, हे मान्य. परंतु त्यांची आधी एकमेकांशी जोडणी करावी लागते, निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांचे आपसांत जुळतेच असे नाही, आणि वाटेत सामील झालेल्या नव्या चालकाला लगेच बोलण्यात घेता येत नाही. सीबीला अशी जोडणी लागत नाही. जो त्या चॅनेलवर आहे तो ऐकतो, मग तो आपल्या गटातला असो वा समोरून येणाऱ्या मालमोटारीतला.

असे असूनही अनेक जण सीबी बसवतात, दोन प्रवासांत कंटाळतात आणि काढून टाकतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: खरखरीतून काही समजत नाही आणि आपले बोलणे थोड्या अंतरापलीकडे पोहोचत नाही. दोष रेडिओला दिला जातो, त्याहून महागडा रेडिओ घेतला जातो, आणि खरखर होती तशीच राहते. माझे स्पष्ट मत असे आहे की मोटारसायकलवर रेडिओचा डबा कोणता आहे याला फारसे महत्त्व नाही. अँटेना कुठे व कसा बसवला, त्याला धातूचा आधार किती मिळाला आणि इंजिनाचा विद्युत गोंगाट किती आवरला, यांवर सगळे ठरते. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्याच गोष्टींना दिला आहे.

लहरपट्टा आणि नियम

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, अर्थात सामान्य नागरिकांना कोणतीही परीक्षा न देता वापरता यावा म्हणून राखून ठेवलेला २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा लहरपट्टा. अमेरिकेत तो १९५८ साली २३ चॅनेलांनिशी सुरू झाला, आणि १९७७ पासून तेथे २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ या टप्प्यात ४० चॅनेल आहेत. नवव्या चॅनेलवर संकटाचे संदेश आणि एकोणिसाव्यावर महामार्गावरचे बोलणे, हा संकेतही तिकडचाच. ब्रिटनने १९८१ मध्ये सीबीला मान्यता देताना एफएमवर चालणारी स्वतःची वेगळी ४० चॅनेल ठरवली. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा ५ वॅटच्या मर्यादेत परवान्याविना खुला आहे, त्यामुळे अमेरिकी धर्तीच्या रेडिओवरची पहिली २७ चॅनेलच त्यात बसतात आणि अठ्ठाविसावे चॅनेल मर्यादेच्या किंचित बाहेर पडते. ज्या देशातून प्रवास करायचा तेथील पट्टा, शक्तीची मर्यादा आणि हेल्मेटमध्ये स्पीकर वापरण्याविषयीचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत.

रेडिओ एएमवर चालतो की एफएमवर (आवाज लहरीवर चढवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती), हेही गटात आधी ठरवावे लागते, कारण एकाने एएमवर आणि दुसऱ्याने एफएमवर बोलून चालत नाही. स्पार्क प्लगची टकटक एफएमवर बरीच कमी ऐकू येते, म्हणून सर्वांचे रेडिओ एफएमचे असतील आणि नियमात बसत असेल तर मोटारसायकलसाठी मी एफएमच निवडेन. वाटेतल्या मालमोटारवाल्यांचेही ऐकायचे असेल, तर मात्र ते ज्या पद्धतीवर असतात तिच्यावरच राहणे भाग आहे.

रेडिओ कोणता व कुठे

होंडा गोल्ड विंग किंवा हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या प्रवासी मोटारसायकलींवर सीबी कारखान्यातूनच बसवून किंवा वैकल्पिक जोड म्हणून मिळत आला आहे. अशा गाड्यांवर हेडसेटचा प्लगही ठरलेला असतो. गोल्ड विंगवर पाच पिनांचा आणि हार्लेवर सात पिनांचा. इतर गाड्यांसाठी मोटारीत बसवायचा छोट्यात छोटा रेडिओ घ्यावा आणि तो पाणी व धक्के यांपासून वाचेल अशा जागी ठेवावा. ज्याची सगळी बटणे माईकवरच असतात असा रेडिओ मिळाला, तर मुख्य डबा आसनाखाली किंवा बाजूच्या पेटीत ठेवून फक्त नियंत्रणाचा भाग हँडलबारजवळ आणता येतो. हातात धरायचा रेडिओ वापरायचाच असेल तर त्याचा बोटभर अँटेना काढून तेथे बाहेरच्या अँटेनाची केबल जोडावी; त्या आखूड अँटेनावर वेळ घालवू नये.

अँटेना आणि त्याखालचा पत्रा

२७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते, आणि तिच्या एक-चतुर्थांश लांबीचा सरळ अँटेना बसवायचा म्हटला तरी तो पावणेतीन मीटर उंच होईल. मोटारसायकलवर ते शक्य नाही. म्हणून बुडाशी किंवा मध्यावर तारेचे वेटोळे घालून आखूड केलेला, साधारण मीटर-दीड मीटर लांबीचा अँटेना वापरतात. आखूडपणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते: लहर थोडी कमी ताकदीने बाहेर पडते, आणि अँटेना अचूक जुळवलेला नसेल तर तो थोड्याच चॅनेलांपुरता नीट चालतो.

त्याहून मोठी अडचण खालच्या पत्र्याची आहे. मोटारीच्या छतावरच्या अँटेनाखाली पत्र्याचा मोठा ताव पसरलेला असतो, आणि तो पत्रा अँटेनाच्या न दिसणाऱ्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे काम करतो. मोटारसायकलला असे छत नाही. आहे तो लोखंडी सांगाडा, इंजिन आणि मागचे कॅरियर. आजच्या बहुतेक गाड्यांचे बाकीचे अंग प्लॅस्टिकचे असते. म्हणून जो काही धातू उपलब्ध आहे तो सगळा अँटेनाच्या बुडाशी चांगल्या विद्युत संपर्कात आणणे हे बसवणाऱ्याचे पहिले काम ठरते. अँटेनाची ब्रॅकेट मागच्या कॅरियरवर, शक्यतो मागच्या पेटीच्या एका बाजूला बसवावी, आणि तिच्यापासून सांगाड्यापर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली रुंद पट्टी, जमेल तितकी आखूड, घट्ट आवळावी. प्लॅस्टिकच्या पेटीच्या झाकणावर बसवलेल्या अँटेनाला खालून काहीच आधार मिळत नाही. पुढच्या फोर्कवर किंवा हँडलबारवर अँटेना बसवण्याच्या फंदात तर पडूच नये. तेथे तो डोळ्यांपुढे येतो, हँडल वळवताना केबल ताणली जाते आणि दिव्यांच्या वायरिंगचा गोंगाटही जवळून पकडतो.

या संपर्काविषयी मी इतके का सांगतो, त्याचे कारण माझ्या स्वतःच्या गाडीवर घडले. नवी ब्रॅकेट बसवली, सगळे बोल्ट घट्ट केले, आणि तरीही प्रत्येक चॅनेलवर एसडब्ल्यूआर मीटरचा (अँटेनाकडून परत फिरणारी शक्ती दाखवणारा; आकडा जितका लहान तितके चांगले) काटा तीनच्या पुढे. तीन संध्याकाळी मी अँटेनाची लांबी कमीजास्त करत बसलो. चौथ्या दिवशी मल्टिमीटरचे एक टोक ब्रॅकेटला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले, तर संपर्कच नव्हता. कॅरियरवर काळ्या पावडर कोटिंगचा जाड थर होता आणि बोल्टचे डोके त्या थरावर बसले होते. दिसायला लोखंडावर लोखंड, विजेच्या दृष्टीने दोघांमध्ये भिंत. बोल्टच्या भोकाभोवतीचा रुपयाएवढा भाग पॉलिश पेपरने घासून उघडा केला, दातेरी वॉशर घातला, गंज चढू नये म्हणून वरून ग्रीसचा हात दिला, आणि अँटेनाला न शिवता काटा दीडच्या आत आला. तेव्हापासून मीटर जोडण्याआधी मल्टिमीटर लावायचा, हा माझा नियम आहे.

सांगाड्याचा पुरेसा आधार मिळण्यासारखा नसेल, तर ग्राउंड प्लेनची, म्हणजे खालच्या धातूच्या आधाराची, गरज नसलेला अँटेना मिळतो, तो घ्यावा. त्याच्याबरोबर ठरावीक लांबीची केबल येते आणि ती केबल हा त्या अँटेनाचाच भाग असतो. उरलेली केबल जास्त वाटते म्हणून कापली, की सगळी जुळणी बिघडली. ती आसनाखाली मोठ्या, सैल वळणांनी फिरवून ठेवावी. साध्या अँटेनासाठी ५० ओहमची चांगली केबल घ्यावी आणि ती आसनाच्या बिजागरीत चेपणार नाही, सायलेन्सरला टेकणार नाही, अशी न्यावी. या केबलमधली आतली तार बाहेरच्या जाळीपासून प्लॅस्टिकच्या थराने वेगळी ठेवलेली असते. उष्णतेने तो थर मऊ पडला की वरून काही दिसत नाही, आत मात्र तार सरकून जाळीला टेकलेली असते.

अँटेना उभाच असावा, तिरका नको, कारण समोरच्यांचे अँटेनाही उभे असतात आणि दोघांचा कल जुळला तरच ऐकणे-बोलणे पूर्ण ताकदीने होते. दुमडता येणारा पाया सोयीचा असतो. बुटक्या छताच्या आवारात शिरताना दांडी मोडत नाही. मागे बसणाऱ्याच्या चेहऱ्याला दांडीचे टोक लागणार नाही, इतके अंतर मात्र आधीच बेतावे.

अँटेना जुळवणे

अँटेना बसला म्हणजे काम झाले, असे समजून निघणारे पुष्कळ आहेत. रेडिओने पाठवलेली शक्ती अँटेनातून बाहेर पडते की परत रेडिओकडेच फिरते, हे पाहणारा एसडब्ल्यूआर मीटर वापरल्याशिवाय माईकचे बटण दाबू नये. मीटरवर १ हा आकडा आदर्श. दीडपर्यंत चांगले, कारण तेव्हा केवळ ४ टक्के शक्ती परत येते. २ असेल तर सुमारे ११ टक्के, आणि ३ असेल तर एक-चतुर्थांश. तीनच्या पुढे जास्त वेळ बोलत राहिल्यास रेडिओचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. अँटेना न जोडता बटण दाबणे तर सर्वांत वाईट.

मोजणी उघड्या मैदानात करावी. भिंत, कुंपणाची जाळी, दुसरी वाहने यांपासून निदान पाच-सहा मीटर लांब जावे. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, पेट्या लावून बंद कराव्यात, आणि शक्य असल्यास चालकाने आसनावर बसावे, कारण प्रवासात गाडी ज्या अवस्थेत असणार त्याच अवस्थेत मोजलेला आकडा उपयोगाचा. रेडिओ आणि अँटेनाची केबल यांच्यामध्ये मीटर आखूड जोडकेबलने जोडावा. मीटरचे बटण पुढच्या दिशेच्या शक्तीवर ठेवून माईकचे बटण दाबावे, काटा खुणेच्या रेषेवर आणावा, मग बटण परतीच्या दिशेला फिरवून आकडा वाचावा आणि माईक लगेच सोडावा. हे काम पहिल्या चॅनेलवर, मधल्या एखाद्या चॅनेलवर आणि वापरायच्या पट्ट्यातल्या शेवटच्या चॅनेलवर करावे, आणि दरवेळी ते चॅनेल मोकळे आहे हे आधी ऐकून घ्यावे.

आता तीन आकडे समोर आले. शेवटच्या चॅनेलवरचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर अँटेना गरजेपेक्षा लांब आहे, तो थोडा आखूड करावा. पहिल्यावरचा मोठा असेल तर अँटेना आखूड आहे, तो वाढवावा. टोकाला फिरता स्क्रू असेल तर एका वेळी एक-दोन फेरे पुरेत. पोलादी दांडी कापायची असेल तर एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नये, कारण कापलेले परत जोडता येत नाही. प्रत्येक बदलानंतर हात बाजूला घेऊन पुन्हा तिन्ही ठिकाणी मोजावे. दोन्ही टोकांचे आकडे साधारण सारखे आणि मधला सर्वांत लहान झाला, की अँटेना जुळला. सगळीकडेच आकडा तीनच्या पुढे असेल तर दोष लांबीत नसतो. संपर्क तुटलेला आहे, किंवा प्लगमध्ये जाळीचा एखादा केस आतल्या तारेला शिवतो आहे.

वीज आणि खरखर

रेडिओची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी. धन वायरीवर, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर, रेडिओच्या पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज घालावा. किल्ली बंद केल्यावर रेडिओही बंद व्हावा, असे हवे असेल तर मध्ये रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) टाकावा आणि त्याला मागच्या दिव्याच्या वायरीवरून इशारा द्यावा. बोलताना हा रेडिओ दीड-दोन अँपिअरच घेतो, त्यामुळे गाडीच्या विजेवर ओझे पडत नाही. दिव्याच्या किंवा हॉर्नच्या वायरीला फाटा फोडण्यात खरा तोटा असा की त्या वायरीतला सगळा गोंगाट रेडिओत येतो.

गोंगाट कुठून येतो, हे शोधण्याची रीत सोपी आहे आणि ती क्रमानेच करावी. प्रथम इंजिन बंद ठेवून रेडिओ लावावा आणि ऐकावे. ही आपली मूळ खरखर. मग फक्त किल्ली फिरवून दिवे लावावेत. खरखर येथेच वाढली तर संशय एलईडी दिव्यांवर किंवा मोबाईल चार्जरवर घ्यावा, आणि एकेक उपकरण काढून पाहावे. आता इंजिन सुरू करावे. वेगाबरोबर जलद होणारी टकटक आली तर ती स्पार्क प्लगची, आणि वेगाबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी आली तर ती बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेची. शेवटी, इंजिन चालू असतानाच अँटेनाची केबल रेडिओमागून काढावी आणि माईकच्या बटणाला मुळीच हात लावू नये. आवाज गेला तर गोंगाट हवेतून अँटेनात शिरत होता. तसाच राहिला तर तो विजेच्या वायरीतून येत आहे. या एका चाचणीने अर्धे कष्ट वाचतात, आणि तरीही ती करणारे कमीच.

टकटकीवर उपाय म्हणजे रोधक असलेले स्पार्क प्लग आणि त्यांच्या टोप्या. गाडीच्या उत्पादकाने ज्या प्रकारच्या प्लगची शिफारस केली असेल त्याच प्रकारातला रोधकाचा प्लग निवडावा. शिट्टीसाठी विजेच्या वायरीवर, रेडिओजवळ, गाळणी जोडावी. हवेतून येणाऱ्या गोंगाटासाठी ज्या उपकरणातून तो निघतो त्याच्याच वायरीवर फेराइटची कडी घालावी, आणि कडीतून वायरीचे पाच-सहा वेढे घ्यावेत. एकदाच ओवलेल्या वायरीने या लहरपट्ट्यात फारसा फरक पडत नाही. स्वस्त यूएसबी चार्जर काही केल्या शांत होत नाही. तो बदलणेच बरे.

हेल्मेटच्या आत

महामार्गाच्या वेगात हेल्मेटभोवती घोंघावणारा वारा कानांना इजा करण्याइतका मोठा असतो, आणि त्यावर मात करण्यासाठी स्पीकरचा आवाज वाढवत नेणे हा उलटा उपाय आहे. कानांत बोळे घालावेत. पहिल्यांदा हे विचित्र वाटते, पण बोळ्यांनी वाऱ्याचा घोंगाव दबतो आणि माणसाचे शब्द त्यातून अधिक स्पष्ट उमटतात. स्पीकर बरोबर कानाच्या भोकासमोर यावा; बोटभर खाली-वर झाला तरी आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, म्हणून हेल्मेट घालून, कुणाला तरी बोलायला लावून, तो सरकवत सरकवत जागा नक्की करावी.

माईक ओठांना जवळजवळ टेकलेला असावा. गोंगाट टाळणाऱ्या माईकला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे छिद्रे असतात. दूरचा आवाज दोन्ही बाजूंनी सारखाच शिरून एकमेकाला पुष्कळसा खोडतो, आणि ओठांजवळचा आवाज मात्र एकाच बाजूने आत येतो. मागची छिद्रे गालाच्या गादीत दबली किंवा माईक उलटा फिरला की ही सारी युक्ती फुकट जाते. वर स्पंजची टोपी हवीच. बोलताना ओरडू नये. ओरडलेला आवाज फाटतो.

बोलण्याचे बटण डाव्या अंगठ्याखाली बसवावे, कारण उजव्या हाताकडे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो. आवाज ऐकून आपोआप सुरू होणारी सोय असली तरी ती बंद ठेवावी. वाऱ्यालाच ती बोलणे समजते आणि चॅनेल अडवून बसते. बटण दाबलेलेच अडकून राहिले तर बोलणाऱ्याला काही ऐकूच येत नसल्याने त्याचा पत्ता लागत नाही, आणि इतरांनाही त्याला सांगता येत नाही. म्हणून बोलण्याचा लाल दिवा नजरेच्या टप्प्यात असावा आणि बराच वेळ शांतता वाटली तर तो पाहण्याची सवय ठेवावी.

कुणी बोलत नसताना खरखर दाबून ठेवणाऱ्या स्क्वेल्च या बटणाची जुळणी इंजिन चालू असताना करावी. खरखर बंद होईपर्यंत बटण फिरवावे, आणि बंद झाली की त्याहून केसभरच पुढे न्यावे. फार पुढे नेले तर खरखरीबरोबर मागे पडलेल्या साथीदाराचा क्षीण आवाजही गडप होतो, आणि मदत हवी असते ती नेमकी त्यालाच. चार-पाच गाड्या अगदी जवळून चालल्या असतील आणि आवाज फाटत असेल तर आरएफ गेन (येणाऱ्या लहरी पकडण्याची रेडिओची संवेदनशीलता) कमी करावा. पांगल्यावर तो पुन्हा वाढवण्याची आठवण ठेवावी.

रस्त्यावर बोलताना

सपाट, मोकळ्या मुलखात नीट जुळवलेल्या दोन मोटारसायकली एकमेकींशी काही किलोमीटरपर्यंत बोलू शकतात. डोंगराळ वळणांत तेच अंतर एक-दोन वळणांपुरते उरते. गटाची लांबी त्या हिशेबाने आवरावी, आणि मधल्या एखाद्या चालकाला पुढचा निरोप मागे पोहोचवण्याचे काम नेमून द्यावे.

निघताना मुख्य चॅनेल आणि ते गजबजले तर जायचे दुसरे चॅनेल, दोन्ही ठरवावीत. मग उभ्या उभ्याच एकेकाची हजेरी घ्यावी: पुढच्याने क्रमांक पुकारावा, ज्याचा त्याने उत्तर द्यावे. ज्याचा आवाज येत नाही त्याची गाठ सोडवूनच निघावे, वाटेत ती सुटत नाही. सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे अनुभवी माणसे हवीत, आणि दोघांचेही रेडिओ गटात सर्वांत चांगले चालणारे असावेत. मधल्या एखाद्याचा रेडिओ बंद पडला तर चालेल, या दोघांपैकी एकाचाही बंद पडला तर थांबावे.

सीबीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बटण दाबले असताना ऐकू येत नाही, आणि एएमवर दोघांनी एकदम दाबले तर बाकीच्यांना कर्कश शीळ तेवढी ऐकू येते. म्हणून आधी ऐकावे, बटण दाबून अर्धा क्षण थांबावे, मग बोलावे. घाई केली की पहिला शब्द कापला जातो. धोक्याची सूचना देताना जागा आधी आणि वस्तू नंतर, असा क्रम मी सुचवतो. ‘खडी आहे, पुढच्या वळणावर, उजव्या कडेला’ याऐवजी ‘उजवी कड, पुढचे वळण, खडी’ असे म्हटले की ऐकणाऱ्याची नजर पहिल्या शब्दालाच योग्य बाजूला वळते आणि उरलेले शब्द कापले गेले तरी तो सावध असतो.

या रेडिओचे सर्वांत मोठे मोल मला अनेक लेनांच्या रस्त्यावर लेन बदलताना जाणवते. पुढचा म्हणतो, ‘डावीकडे जायचे आहे.’ सर्वांत मागचा आरशात पाहतो, मोकळीक मिळाली की स्वतः आधी डावीकडे सरकतो आणि सांगतो, ‘लेन धरली.’ त्यानंतर मधल्या गाड्या एकेक करत सरकतात, आणि मागून येणारे कोणतेही वाहन मध्ये घुसण्यापूर्वी सगळा गट नव्या लेनमध्ये असतो. तरीही प्रत्येकाने स्वतःचा आरसा आणि स्वतःची मान वळवून पाहणे सोडू नये. रेडिओवरचा शब्द डोळ्यांच्या जागी येत नाही. ओव्हरटेक करताना तर ‘मोकळे आहे’ असे मागच्याला कधीही सांगू नये, कारण तुमच्या क्षणी मोकळा असलेला रस्ता तो येईपर्यंत मोकळा राहीलच असे नाही. ‘समोरून गाडी येत आहे, थांबा’ एवढेच सांगावे.

अवघड वळणांत, शहराच्या चौकात आणि पावसात गप्पा बंद. लांब सरळ रस्त्यावर थोडे बोलणे झोप उडवते आणि त्याला माझा विरोध नाही, पण दोन वाक्यांमध्ये मोकळी जागा सोडावी, म्हणजे कुणाला तातडीचे सांगायचे असेल तर ते शिरू शकेल. हे चॅनेल खासगी नाही, हेही ध्यानात असू द्यावे. मुक्कामाचे ठिकाण किंवा कुणाचा फोन नंबर त्यावर सांगू नये.

कधी कधी एखाद्या दुपारी अनोळखी भाषांतले आवाज अचानक चॅनेलवर दाटून येतात आणि शंभर पावलांवरच्या साथीदाराचे बोलणेही त्यात बुडून जाते. रेडिओ बिघडलेला नसतो. सूर्यावरच्या डागांची संख्या वाढली की आयनांबराचे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचे) थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत पृथ्वीकडे वळवतात आणि हजारो किलोमीटरवरचे बोलणे येथे उतरते. हे चक्र साधारण अकरा वर्षांचे आहे. अशा वेळी स्क्वेल्च थोडा घट्ट करावा, ठरलेल्या दुसऱ्या चॅनेलवर जावे, गाड्यांमधले अंतर कमी करावे, आणि तरीही जमले नाही तर निघण्यापूर्वी ठरवलेल्या हातखुणांवर यावे. त्या खुणा प्रत्येकाला येत असल्याची खात्री हजेरीच्या वेळीच करून घ्यावी.

मुक्कामावर आणि वाटेत

पेट्रोल भरताना रेडिओ बंद ठेवावा. आकाशात विजा चमकू लागल्या तर दांडी उभी ठेवून उघड्यावर पुढे जात राहू नये. गाडीपासून दूर, पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली अँटेना उभारू किंवा उतरवू नये.

दिवसभराच्या थरथरीने ब्रॅकेटचा बोल्ट सैल पडतो, म्हणून रोज संध्याकाळी साखळी पाहता पाहता त्यालाही पाना लावून पाहावा. पावसात भिजलेल्या प्लगमध्ये पाणी शिरले तर ते केबलच्या जाळीतून आत ओढले जाते आणि ती केबल पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. उघड्यावरच्या प्रत्येक जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. लांबच्या प्रवासात एसडब्ल्यूआर मीटर बरोबर न्यायला जागा नसली तरी दोन फ्यूज, दातेरी वॉशर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि छोटा मल्टिमीटर मात्र पेटीत असू द्यावा. आवाज अचानक क्षीण झाला, तर सर्वांत आधी ब्रॅकेट आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला संपर्क तपासावा, मग केबलचे दोन्ही प्लग, आणि रेडिओचे झाकण उघडण्याचा विचार त्यानंतर.